ओव्याचं तेल

आमच्या घरात कुणाचं काहीही दुखलं की आईच्या हातात ओव्याच्या तेलाची वाटी येते. बाबांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो, ते निवृत्त झाल्यावर इथेच मानसरोवर भागात राहिलो, पण वाटी काही सुटली नाही. त्या सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हाही आईने तेल कोमट केलं. मी आंघोळ करून बाहेर आले तर बाबा घामाने थबथबलेले आणि आई त्यांची छाती चोळतेय. "गॅस आहे गं," बाबा म्हणाले. मी दोघांवरही ओरडले आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

गाडीत बाबांजवळ पॅरामेडिक होता, बाजूच्या बाकावर आई आणि मी. त्याने ईसीजीसाठी बाबांच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या. त्या एकेक करून घसरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा घसरल्या.

"तेल किसने लगाया?"

"मैंने, भैया." आईचा चेहरा पांढराफटक पडला.

मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मात्र चिडला नाही. "मेरी माँ भी लगाती है, माताजी. लीजिए, आप भी पोंछिए," म्हणत त्याने तिच्या हातात कापसाचा बोळा दिला. आईने बाबांची छाती कोरडी होईपर्यंत पुसली. त्या माणसाला मी अजून मनातल्या मनात दुवा देते.

पट्ट्या चिकटल्या, कागद बाहेर आला. तो पाहून त्याने ड्रायव्हरला गाडी पळवायला सांगितलं, बाबांना एक गोळी चावायला लावली आणि हॉस्पिटलला फोन करून तयार राहायला सांगितलं. म्हणजे गॅस नव्हता.

एवढ्यात बाबा म्हणतात, "भैया, मेट्रोवाली सड़क मत लेना, स्कूल का टाइम है."

"अंकलजी, आप आराम करो, गाड़ी हम चला लेंगे."

तशा धास्तीतही आईला हसू आलं.

वेळेत पोचलो. स्टेंट बसला. बाबा वॉर्डात आल्यावर, आई चहाला खाली गेलेली पाहून मी त्यांना झापलं. एवढं दुखत होतं तर गॅस गॅस काय करत बसलात?

"हे गॅस नाही, ते मला कळलं होतं," बाबा म्हणाले.

"मग?"

"तू गाडी बोलावणार, डॉक्टर मला आत नेणार, तिला बाहेर बसवणार. परत नाही आलो तर? ती एवढ्या मायेने लावत होती. म्हटलं, पुरतं लावू दे."

राग आणि रडू दोन्ही एकदमच आलं. तेवढ्यात आई आली. पलंगाच्या कडेला बसून तिने हळूच विचारलं, "आता तेल कधीच लावायचं नाही ना गं?"

"छातीला नको," मी म्हटलं. "तळपायांना चालेल."

आणि संध्याकाळी घरून येताना मीच वाटी घेऊन आले.