चाकातला गोबेर

गोबेर जन्मभर चालला आणि कुठेच पोचला नाही. आमच्या कॅथेड्रलच्या छपराखाली दोन पुरुष उंचीचं लाकडी चाक आहे. तो त्याच्या आत चालायचा, दोर गुंडाळला जायचा आणि खालचा दगड वर यायचा. टोकदार कमानी बघायला लोक लांबून येतात आणि बिशपांचं नाव घेतात. गोबेरचं कोण घेणार?

त्याची बायको एमलो खाली माझ्याबरोबर चुना मळायची. दोराला दोन हिसके म्हणजे 'ओढ'. एमलो त्यावर तिसरा द्यायची, म्हणजे टोपलीत पाव आहे. मग गोबेरचं हसू खालपर्यंत ऐकू यायचं.

"नवऱ्याला पाव पाठवतेस की बिशपांना नैवेद्य?" मी चिडवायची.

"तुझा शुद्धीवर असला तर त्यालाही पाठव की!"

हिवाळ्यात काम बंद होतं, अर्धवट भिंतींचे माथे थंडीने फुटू नयेत म्हणून गवताने आणि शेणाने झाकलेले होते, तेव्हा एमलो तापाने गेली. वसंतात गोबेर पुन्हा चाकात शिरला. पण दोन हिसके बसले तरी लगेच चालायचा नाही. दोराला हात लावून थांबायचा. मिस्त्री खालून शिव्या घालायचे.

मला बघवेना. एकदा मीच टोपलीत पाव ठेवून तिसरा हिसका दिला. पाव तसाच परत आला. संध्याकाळी शिडी उतरून गोबेर म्हणाला, "एर्सां, तुझा हात जड आहे गं. पुन्हा नको देऊस." मला रागही आला आणि रडूही.

यंदा छत पुरं झालं. कमानी जिथे मिळतात, त्या मधल्या दगडाच्या भोकातून दोर खाली येतो. त्यावर आता लाकडी झाकण बसणार होतं.

"चाक राहू दे, दुरुस्तीला लागेल," मिस्त्री म्हणाले. "दोर तेवढा सोड."

"दोरही राहू द्या ना, मिस्त्री."

"कशाला? खाली आता आहे कोण?"

गोबेर वर गेला. बाकीचे जेवणाला गेले. मी दोराचं टोक धरून खाली उभी राहिले.

वरून दोन हिसके आले. मग तिसरा, हलका.

तो उत्तराची वाट बघत होता, हे मला कळत होतं. पण माझा हात जड. मी दोर नुसता धरून राहिले.

बराच वेळ गेला. मग सगळा दोर खाली येऊन पडला आणि वर झाकण बसलं.