चौदाच्या पान्याची रिकामी जागा

कापूरहोळच्या फाट्यावरचं गॅरेज आता मुलगा बघतो. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. येणारे-जाणारे ड्रायव्हर नव्या माणसाला माझी ओळख करून देतात ती एकाच गोष्टीनं. तात्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर गाडीला टेकवला, मूठ कानाला लावली आणि गिअरबॉक्स न खोलता आवाज कुठला ते सांगितलं. भोरपासून वेल्ह्यापर्यंत ही गोष्ट पोचली आहे. ती मी रचली नाही, पण कधी खोडलीही नाही. ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून आता खोडतो.

गाडी वेल्ह्याकडच्या एका दूधवाल्याची. तोरण्याच्या पायथ्याच्या गावांतून सकाळी दुधाचे कॅन गोळा करायचे आणि पाबे घाटातून पुण्याच्या बाजूला डेअरीत पोचवायचे, हा त्याचा धंदा. मोटरसायकलवरून पडल्यापासून त्याचा डावा गुडघा वाकत नाही. क्लच दाबता येईना, म्हणून शोधून शोधून त्यानं ऑटोमॅटिक गिअरची, मागंही सीट असलेली जुनी पिकअप घेतली. पावसाळ्यात तिचा गिअरबॉक्स गेला. तसलाच दुसरा भंगारातून आणला आणि बसवायला माझ्याकडे आला. दुसरी कुठलीही गाडी त्याला चालवता येण्यासारखी नव्हती. तोवर त्याचं दूध एक टेम्पोवाला नेत होता आणि डेअरीनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, कोजागिरीला दुधाची ओढ असते, त्या दिवशी तुझी गाडी दारात दिसली नाही तर रूट टेम्पोवाल्याचाच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स बसवून झाला. गाडी चालू केली आणि आवाजांची जत्राच भरली.

पहिला आवाज बारीक, सुईसारखा. इंजिन वाढवलं की तोही चढायचा. तो तेलाचा होता. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन गरम करून, चालू ठेवून बघावं लागतं. मी बंद गाडीत बघून समाधान मानलं होतं. तेल भरलं, आवाज गेला. दुसरा आवाज पत्र्याच्या थरथरीसारखा. तेलाची नळी चासीला घासत होती. मध्ये रबर घातलं, तोही गेला. दूधवाला खुशीत म्हणाला, "तात्या, आता घरी जाऊ द्या."

"थांब," मी म्हणालो. "अजून एक राहिलाय."

टक्, टक्, टक्. गाडी उभी असताना, न्यूट्रलला. गिअर टाकला की दबायचा, काढला की परत. स्क्रूड्रायव्हर लावला तो तेव्हाच. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं एकमेकांना भिडतात, तिथून आवाज येत होता. इथपर्यंत लोक सांगतात ते खरं आहे. पण मी त्यावरून निष्कर्ष काढला तो साफ चुकीचा. म्हणालो, "आणलेला गिअरबॉक्सच आतून गेलाय. उतरवावा लागेल."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "उतरवून, दुसरा बघून, परत बसवायचा? कोजागिरी हुकली की वो तात्या."

"मग टक्टक् करत घाटात जा. मध्येच बंद पडली तर दुधाचं दही घेऊन ये."

हे मी बोलायला नको होतं. तो डेअरीला फोन लावायला रस्त्यापलीकडे गेला, उसाच्या गुऱ्हाळाच्या सावलीत. मी गाडीखाली सरकून गिअरबॉक्सचे बोल्ट ढिले करायला पाना शोधत होतो. तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली.

"काय उतरवताय?"

"गिअरबॉक्स. आत मोडलाय."

गाडी अजून चालूच होती, ती थोडा वेळ तिचा आवाज ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "अवो, नवमीला तुमी ह्याच गाडीखाली व्हता ना?"

"मग?"

"म्या चौदाचा पाना मागून घेतला, तवा तुमी म्हणालात, जरा दम धर, आवळायचं राहिलंय. मग आवळलं का?"

"मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाई. इचारतीय."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा तीच मांडते. पाटावर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावते, हळद-कुंकू, झेंडू. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. त्या दिवशी तिच्या ओळीत तेराच्या आणि पंधराच्या मध्ये जागा मोकळी दिसली. चौदाचा पाना माझ्या हातात होता. ती गाडीपाशी आली, वाकली आणि तो माझ्या हातातून काढूनच घेऊन गेली.

मी काय करत होतो, ते मला आठवू लागलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक मोठा गोल डबा असतो, तो इंजिनच्या मागच्या चकतीला बोल्टांनी जोडतात. खालच्या छोट्या खिडकीतून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. इंजिन हातानं फिरवत एकेक समोर आणायचा. माझी पद्धत अशी, की आधी सगळे बोटांनी लावून घ्यायचे आणि मग पुन्हा फेरी मारून पान्यानं आवळायचे. दुसरी फेरी सुरू झाली होती. पहिला आवळला होता.

मी गाडी बंद करून खिडकीचं झाकण काढलं. पहिला बोल्ट घट्ट. इंजिन फिरवलं. दुसरा समोर आला, त्याला नुसतं बोट लावलं तर तो फिरला. तिसराही. मी गाडीखालीच हसायला लागलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तो चौदाचा दे."

सगळे बोल्ट आवळले, झाकण लावलं, गाडी चालू केली. टक्टक् नाही. फक्त इंजिनाचा सपाट सूर. न्यूट्रल, गिअर, परत न्यूट्रल. काही नाही. गिअरबॉक्स पहिल्यापासून चांगलाच होता.

दूधवाला लंगडत धावत आला. "बंद केली काय?"

"चालूच आहे," मी म्हणालो. "कान लाव."

रिकाम्या गाडीची परीक्षा खरी नव्हे. म्हणून वेल्ह्यात त्याच्या घरी जाऊन सगळे कॅन पाण्यानं भरले आणि आम्ही तिघं पाबे घाटात निघालो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी, बायको मागच्या सीटवर. घाटात एका बाजूला कापलेला खडक आहे. काचा खाली करून त्याच्या कडेनं गेलं की गाडीचा बारीकसा आवाजही खडकावर आपटून परत कानात येतो.

पहिल्या चढाला तो म्हणाला, "काकी, येतोय का?"

"येतोय."

त्यानं ब्रेकच मारला. "कसला?"

"तुज्या कॅनच्या झाकणाचा. नीट लावत जा की."

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा तो स्टेअरिंगवर हात आपटत ओरडत होता. मीही ओरडलो. गाडी भरलेली, घाट चढलेला आणि आवाज नाही! आयुष्यात बऱ्याच गाड्या दुरुस्त केल्या. इतका आनंद फार थोड्या वेळा झाला. कोजागिरीला त्याचे कॅन सगळ्यांच्या आधी डेअरीत होते. रूट त्याचाच राहिला, आजही आहे.

चुकीचं घडलं ते परत येताना, वेल्ह्याच्या बाजारात. चहाच्या टपरीवर लोक जमले. "म्या फोन करून येतोय तवर तात्यांनी परत नुसता कान लावला अन् वळखलं!" दूधवाला सांगत होता. कोणीतरी मला विचारलं, कसं जमतं हो? गाडीत बायको बसली होती, काच खाली होती. मी म्हणालो, "सवय असते." तिनं ऐकलं. वाटेत तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदा तरी टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

दर कोजागिरीला तो सकाळी किटली भरून दूध आणतो आणि माझ्या हातात देतो. यंदा मी ती घेतली नाही. त्याला खुर्चीवर बसवलं आणि नवमीपासून सगळं सांगितलं, बोल्ट ढिले राहिले ती चूक माझी होती, हेही.

त्यानं किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजी इतकी वर्सं काकीचं दूध तुमी पीत व्हता?"

"व्हय."

त्यानं किटली उचलली आणि लंगडत घराच्या दाराशी गेला. "काकी, ओ काकी! जरा भायेर या. तुमचं दूध आणलंय."

ती पदराला हात पुसत आली. माझ्याकडे बघितलं, किटली घेतली आणि त्याला म्हणाली, "बस. आटवते. त्यास्नी बी देते वाटीभर, पाना तर त्येंनीच फिरवला व्हता."