हात वर झाला तेव्हा

तो क्रेन चालवायचा. लोखंडी पाइपांच्या गोदामात, छताला टेकलेल्या काचेच्या केबिनमध्ये त्याची अर्धी हयात गेली. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा, म्हणून ही नोकरी त्याला मानवली होती. वर बसल्यावर बोलायचं कुणाशी? खाली उभा असलेला माणूस हातानेच खुणा करायचा. उचल, डावीकडे घे, थांब. तो खालचा माणूस म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. क्रेनवाल्यानेच साहेबांकडे शब्द टाकून त्याला तिथे लावून घेतलं होतं.

मेहुणा तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारा नव्हता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर क्रेनवाल्याची नक्कल केली. भाऊजी रजा मागायला जातात, "र... र... र..." करत उभे राहतात, आणि शेवटी साहेबच कंटाळून रजा देऊन टाकतात. सगळे पोट धरून हसले. क्रेनवालाही हसला. पण आत झोंबायचं ते झोंबलंच.

दुपारी पाइपांचा गठ्ठा खाली येत असताना मेहुण्याने हात वर केला. थांब. क्रेनवाल्याने ब्रेक दाबला, पण गठ्ठा थांबला नाही. साखळी हेलकावली आणि मेहुण्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला. तो कापावा लागला.

चौकशीत ब्रेकची पट्टी झिजलेली निघाली. चालकाचा दोष नाही, असं लिहून आलं. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. "देव पावला म्हणायचा. आता तरी दोन घास नीट खा."

पण त्याला अन्न गोड लागेना. मेहुण्याचा हात वर झालेला दिसला आणि आपण ब्रेक दाबला, या दोन्हींच्या मधे काहीतरी होतं, असं त्याला राहून राहून वाटे. पापणी लवावी एवढंसंच. तेवढ्यात आपण काय केलं? उशीर झाला, की केला?

त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक सर राहायचे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एका संध्याकाळी क्रेनवाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि अडखळत का होईना, सगळं सांगून मोकळा झाला. सरांनी मधे एकही शब्द बोलून त्याला घाई केली नाही.

मग ते म्हणाले, "आपल्या जुन्या लोकांनी याला अंतःकरण म्हटलंय. आत काम करणारं साधन. त्याची चार कामं. करू की नको, असं घुटमळतं ते मन. ठरवते ती बुद्धी. झालेलं सगळं साठवून ठेवतं ते चित्त. आणि हे मी केलं, असं म्हणतो तो अहंकार."

"मग माझा हात उ... उशिरा कुणी हलवला?"

"उशिरा हलला, हे तरी कशावरून?"

क्रेनवाल्याने विचारलं, "या चौघांवर कुणी देखरेख करणारा नाही का?"

"आहे ना. साक्षी. तो नुसता बघतो."

"मग त्याने बघितलं असेल."

"बघितलं असेल. पण तो सांगत नाही."

"असला साक्षीदार काय चाटायचाय, सर?"

सरांना हसू आलं, पण लगेच ते गंभीर झाले. "हे बघ, चित्तातलं तू रोज ढवळतोयस. ढवळलेल्या पाण्यात तळ दिसत नाही. आता तुला जे आठवतंय त्यात घडलेलं किती आणि भीती किती, हे तुलाही सांगता यायचं नाही. जरा निवळू दे."

त्याला ते पटलं, पण धीर निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी तो मेहुण्याकडे गेला. मेहुणा खाटेवर उशीला टेकून बसला होता. क्रेनवाल्याने मनातलं सांगून टाकलं. तुझा राग आला होता. त्या रागाने हात थबकला असेल. नसेलही. मला माहीत नाही.

मेहुण्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"भाऊजी, ब्रेक गेला होता म्हणून मला झोप तरी लागत होती. यंत्रावर कोण रागावणार? आता हे तुम्ही माझ्या उशाशी आणून ठेवलंत. मी काय करू याचं?"

क्रेनवाला तसाच उठून आला.

बायकोने ऐकलं तेव्हा ती संतापली. "गप्प बसला असतात तर जीव गेला असता का तुमचा? स्वतःचं ओझं उतरवायला माझा भाऊच सापडला?" पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. क्रेन दुरुस्त झाली, पण तो पुन्हा वर चढला नाही. त्याने खालचं साखळ्या बांधायचं काम मागून घेतलं. मेहुण्याला फाटकाजवळ बसायचं काम मिळालं. येता-जाता दोघांची नजरानजर व्हायची, बोलणं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा कुबड्या टेकत त्याच्या घरी आला. चेहरा ओढलेला. बहिणीने पुढे केलेल्या खुर्चीवर न बसताच त्याने विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. मी हात वर केला होता ना?"

"म्हणजे?"

"आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आलीय. आधी हात वर गेलेला दिसायचा. आता वाटतं, मी दुसरीकडेच बघत होतो. हात केलाच नव्हता."

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. हात वर झालाच नसेल तर उशिराचा प्रश्नच उरत नव्हता. तिच्या डोळ्यांत एक आशा चमकून गेलेली त्याला दिसली. क्षणभर त्याचंही मन तिकडे ओढलं गेलं.

"केला होतास," तो म्हणाला. "मी प... पाहिला."

"नक्की?"

"नक्की. तुझी काही चूक नव्हती."

मेहुणा खुर्चीत बसला. रडला नाही, पण त्याचे खांदे सैल पडले. त्या दिवशी तो जेवून गेला. माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही आणि क्रेनवाल्याने विचारलंही नाही. पापणीएवढ्या त्या वेळात काय झालं, हे त्याला पुढेही कधी कळलं नाही. काही रात्री तो नुसता छताकडे बघत पडून राहायचा.

त्या दिवशी मेहुणा निघाला तेव्हा जिन्यावर क्रेनवाल्याने त्याचं कोपर धरलं.

"सोडा. येतं मला उतरता."

त्याने हात सोडला, पण एक पायरी पुढे राहून, पाठीमागे बघत बघत, तो त्याच्याबरोबर खालपर्यंत उतरत गेला.