पहारीला पाणी

गेवराईजवळ शेतात आमचं घर आहे. चार खोल्या, वर पत्रे, मागे मोरी. घरातलं विजेचं काम वडील आणि मी करत आलो. बटण बसवायला किंवा जळलेली वायर कापून जोडायला बाहेरचा माणूस बोलावणं वडिलांना कमीपणाचं वाटे. "बल्ब लावायला लायसन लागतं का बे?" ते मला विचारत.

एका उन्हाळ्यात मागच्या दोन खोल्यांतली लाइट गेली. टेस्टर लावला तर फेज येत होता. म्हणजे करंट परत नेणारा न्यूट्रल तुटला होता. कुठे तुटला हे शोधायचं तर भिंतीतला पाइप उघडावा लागला असता. त्यावर आमच्याकडे शेतवस्तीवर सर्रास एक उपाय करतात. जमिनीत लोखंड ठोकायचं आणि न्यूट्रलच्या जागी त्याची वायर जोडायची. करंट जमिनीतून परत जातो, बल्ब लागतो. मी मोरीशेजारी जुनी पहार ठोकली. बल्ब लागला. वडिलांनी पाठ थोपटली.

जमीन वाळली की बल्ब मंद होई. मग पहारीच्या बुडाशी पाणी ओतायचं. हे काम आईकडे आलं. रोज दिवेलागणीला ती स्टीलची कळशी घेऊन मागे जाई. आतून वडील ओरडत, "आला उजेड, बस कर!"

मे महिन्यात ती म्हणाली, कळशी पहारीला टेकली की हाताला मुंग्या येतात. वडिलांनी वयाचं कारण सांगितलं. मला ते पटलं. आठ दिवसांनी ती भिजलेल्या साडीनं घरात आली. कळशी मागेच पडली होती. "आज पहारीनं मला ढकललं," ती हसत म्हणाली. हात मात्र ती कोपरापर्यंत चोळत होती.

मी गेवराईच्या एका परवानाधारक वायरमनना फोन केला. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "आधी मेन पाडा. मी येईस्तोर मावशीला तिकडं जाऊ देऊ नका."

ते सकाळी आले. वय पन्नाशीचं, पायात रबरी बूट. कशालाही हात न लावता त्यांनी घराला एक फेरी मारली. पहिला प्रश्न आईला विचारला.

"मावशी, पाणी घालताना पायात चप्पल असती का?"

"मोरीत कशाची आलीय चप्पल?"

वडील मध्ये पडले. "अहो, ते अर्थिंग हाय. त्यात करंट कुठून येईल?"

"बघू की काका."

आम्हाला ओट्यावर उभं करून त्यांनी मेन चालू केला, मागचा पंखा आणि बल्ब लावला आणि पहारीला टेस्टर टेकवला. तो लागला.

"तुमचा टेस्टर खराब दिसतोय," वडील म्हणाले.

"मग तुमचा आणा."

आमचाही लागला. वायरमननी समजावलं ते थोडक्यात असं: जमीन कोरडी पडली की करंट तिच्यात नीट शिरत नाही, पहारीवर तुंबतो. बल्ब मंद होतो तो त्यामुळेच. आणि बल्ब मंद झाला की आई अनवाणी, ओल्या हातानं तिथे जात होती. म्हणजे पहार सगळ्यात धोक्याची असे, नेमकी तेव्हा.

मग त्यांनी मेनचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. दुपारी जेवताना वडिलांनी पंख्यापुरती लाइट मागितली. "काम होईस्तोर खिशातच राहील," वायरमन म्हणाले आणि घाम पुसत जेवले.

तुटलेला न्यूट्रल सापडायला त्यांना अर्धा तासही लागला नव्हता. पाइपातला माझाच जुना जोड होता तो, वर चिकटपट्टी गुंडाळलेला. मी टोमणा ऐकायच्या तयारीत होतो. त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला. "पीळ लई चांगला दिलाय सायेब. पण पाइपात जोड देत न्हाईत. दिसत न्हाई, तर तपासणार कसा?" त्यांनी पूर्ण वायर नवी ओढली, घराला खरं अर्थिंग केलं आणि करंटची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच मेनजवळ बसवला. पहार वडिलांनी स्वतः उपटली.

निघताना त्यांनी आईला हाक मारली. त्या स्विचवर एक छोटं बटण होतं.

"महिन्याला एकदा हे दाबायचं. घरातली लाइट गेली पायजे. न्हाई गेली तर लगेच मला फोन."

"मला दाखवा ते," वडील पुढे झाले.

"तुमी बघा काका. पण दाबतील मावशी. झटका त्यांना बसलाय, त्या विसरायच्या न्हाईत."

अजूनही महिन्याच्या एक तारखेला आमचा टीव्ही मध्येच बंद पडतो. वडील ओरडतात, "कावून बंद केलं गं?" आई खटका वर करते आणि मेनजवळूनच सांगते, "चालू हाय."