मोडलेल्या दोन पायऱ्या

तीस वर्षं लाकडी शिड्या करणाऱ्या मामांची एक खोड अख्ख्या गल्लीला पाठ होती. शिडी तयार झाली की मामा स्वतः चढायचे आणि एकेका पायरीवर तीनतीनदा दणकून उड्या मारायचे. मोडायची असेल तर माझ्याखाली मोडू दे, म्हणायचे. शिडी खालून धरून मामी बजावायच्या, एक दिवस पायरीऐवजी कंबर मोडेल. पण ऐकतील ते मामा कसले!

परवा सकाळी मंडळाचा लखोटा आला. मंडळ म्हणजे अकरा देशांनी मिळून नेमलेलं. कुठली वस्तू विकायची अन् कुठली नाही, हे तेच ठरवणार. मामींनी चष्मा लावून वाचलं : हातानं केलेल्या लाकडी शिड्या येत्या एक तारखेपासून बंद. मामांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याहून मोठा हादरा पुढं होता. मंडळानं कारण दिलं होतं, 'पायऱ्या मोडतात, हे एका कारागिरानेच लेखी कळवले आहे.'

तो कारागीर म्हणजे मामाच! पाच वर्षांपूर्वी मंडळाची प्रश्नावली आली, तेव्हा बाकीच्या सुतारांनी तिच्यात खिळे गुंडाळले. मामांना मात्र कोण आनंद, आपल्याला कुणी विचारलं तरी! त्यांनी इमानेइतबारे लिहिलं : आजवर दोन पायऱ्या मोडल्या, दोन्ही माझ्याच पायाखाली, गिऱ्हाइकाच्या एकही नाही. मंडळानं सुरुवात तेवढी उचलली आणि बाकीचं गिळलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

अंगावरचा भुसाही न झटकता मामा खासदाराच्या कचेरीत गेले. एकही मतदान न चुकवलेला माणूस, त्याला वाटलं आपला माणूस काहीतरी करेल. खासदारांनी सांगितलं, मंडळाला लोक निवडून देत नाहीत, तिथं नेमणुका होतात.

"मग चुकले तर त्यांना घरी कोण बसवतं?" मामांनी विचारलं.

"मिस्त्री, माझ्या तीन पत्रांना त्यांनी साधी पोचही दिली नाही. तुमचं निदान अर्धं तरी वाचलं."

मामा घरी आले. नवी शिडी भिंतीला टेकलेली होती. मामींनी सवयीनं ती खालून धरली.

"अहो, चढून बघायची नाही?"

"कुणासाठी?" मामा म्हणाले.

लखोट्यात आणखी एक कागद निघाला. या निर्णयाबद्दल आपलं मत कळवा, अशी नवी प्रश्नावली. मामी पेन शोधायला उठल्या. मामांनी त्यांना बसवलं, कागद मांडीवर पसरला आणि त्यात खिळे गुंडाळले.