अत्याचार नाही हो, मार!

"अभिनंदन, मॅडम. आपल्या भागात लहान मुलांना कोणी मारत नाही."

दवाखान्याच्या साहेबांनी सर्व्हेच्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. चेहरा असा खुललेला, जणू घरोघरी फिरून त्यांनीच मारझोड बंद केली होती.

मी उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर होते. म्हणजे डॉक्टर औषध लिहितात आणि पेशंटच्या घरात काय चाललंय ते आम्ही विचारतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सरकारी पैशातून एक रिसर्च आला होता. लहानपणी मार, शिवीगाळ, बापाची दारू सोसलेली माणसं पुढे स्वतः हात उगारतात का, आणि ते वेळीच थांबवता येतं का, हे शोधायचं. पहिला टप्पा सर्व्हेचा. त्यात गरज दिसली तरच दुसऱ्या टप्प्यात दवाखान्याला एक कौन्सेलर आणि एक खोली मिळणार होती.

ती खोली मला सरितासाठी हवी होती. सरिता अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा सोडून गेलेला. एकदा सहा वर्षांच्या लेकीला घेऊन ओपीडीत आली आणि स्वतःचंच दुखणं सांगायला लागली.

"ताई, माझा हात उठला की थांबत नाही. माझी आई मला अशीच मारायची. काहीतरी औषध द्या ना."

पोरीच्या गालावर बोटं उमटली होती. स्वतःहून असं कबूल करणारी बाई मी सबंध नोकरीत पहिल्यांदा पाहिली. पण माझ्या गळ्यात तीन वॉर्ड. दहा मिनिटं बोलले आणि म्हणाले, "कौन्सेलर येणार आहेत, तोवर धीर धर."

आणि साहेब म्हणतात, कोणी मारतच नाही! मी फॉर्म उघडला. प्रश्न पहिला: "बाल्यावस्थेत आपणावर कुटुंबीयांकडून शारीरिक अत्याचार झाला आहे काय?" मी कपाळावर हात मारला. मुंबईत पंख्याखाली बसून कोणीतरी इंग्रजीचं मराठी केलं होतं. अहो, आमच्याकडे अत्याचार म्हणजे पेपरात येतो तो. सख्ख्या बापाचं नाव घेऊन त्याला 'हो' कोण म्हणेल? सगळ्यांनी 'नाही'वर टिक केली होती.

"साहेब, शब्द चुकलाय."

"शब्द कमिटीने पास केलाय."

"मग कमिटीनेच फॉर्म घेऊन बेलवलीत घरोघरी फिरावं."

"मॅडम, टोन!"

रविवारी मी स्वतःच निघाले. ज्यांनी फॉर्म भरले होते त्याच घरांत गेले. एकच प्रश्न विचारला, "लहानपणी तुमच्या घरी मारायला काय होतं?"

बस्स. माणसं घडाघडा बोलायला लागली. कुळगावचे एक आजोबा म्हणाले, "निरगुडीचा फोक. बापूस दाराशीच ठेवाचा." कॅम्प एकमधल्या सिंधी आंटींनी भुवईवरचा व्रण दाखवला. "बेलन! मम्मी का निशाना पक्का था." बेलवलीतले एक बँकेतले गृहस्थ चपलेपासून सुरू झाले, गरम उलथन्यापर्यंत आले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

"मग फॉर्ममध्ये 'नाही' का लिहिलंत?" मी विचारलं.

"अहो, अत्याचार कुठे होता तो? मार होता."

मी हे सगळं लिहून कमिटीच्या मीटिंगमध्ये ठेवलं. साहेब भडकले. "तुम्ही प्रश्न बदललात! डेटा बाद!"

माझंही डोकं फिरलं होतं. "साहेब, तुमच्या घरी मारायला काय होतं?"

"बाबांचा पट्टा. बकलाकडून," साहेब छाती फुगवून म्हणाले. "म्हणून तर आज या खुर्चीत आहे!"

मुंबईहून आलेल्या कमिटीच्या बाईंनी साहेबांचा पट्टाही माझ्या यादीत लिहिला. मग त्यांनी दुसऱ्या टप्प्याला होकार लिहिला. मला वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! खोली मिळाली, कौन्सेलर आली, आणि साहेबांनी हौसेने दारावर पाटी लावली: 'प्रतिकूल बाल्यानुभव संशोधन व हिंसा प्रतिबंध कक्ष'. फीत कापली, फोटो निघाले. कौन्सेलर बिचारी आत माश्या मारत बसली. पुन्हा तेच जड शब्द, आणि मीही त्या पाटीखालून रोज जात होते. एवढं भांडून झालं होतं, आता कशाला पुन्हा, म्हणून मूग गिळून गप्प बसले. याची मला आजही लाज वाटते.

सरिताला मी निरोप दिला होता, कौन्सेलर एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत बसते, सोमवारी ये. त्या सोमवारी मी वॉर्डात अडकले. ती आली की नाही हे पाहायचंही राहिलं. शुक्रवारी कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं. लेकीचा हात मनगटात मोडला होता. प्लास्टर चाललं होतं आणि सरिता भिंतीला टेकून ढसाढसा रडत होती.

"अगं, सोमवारी का नाही आलीस?"

"आले होते, ताई. पाटी वाचली. हिंसा लिहिलंय, प्रतिबंध लिहिलंय. मला वाटलं पोलिसांचं ऑफिस आहे. पोरीला काढून घेतील. म्हणून पळाले. आणि आज पुन्हा हात उठला."

मी तिथलीच चिकटपट्टी उचलली. केसपेपरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मुलांवर हात उठतो? आत या, बसा.' तो कागद साहेबांच्या पाटीवर आडवा चिकटवला आणि सरिताला हाताला धरून आत नेलं. नंतर तिच्यामागे बाकावर बायका बसायला लागल्या, एकदोन बापही.

साहेबांनी विचारलं, "कोणाच्या परवानगीने?" त्यांनी कागद काढला, मी दुसरा लावला. असं महिनाभर चाललं. मग ते कंटाळले.

रिसर्चला पैसा सरकारकडून येतो. शब्द मात्र मार खाल्लेल्या माणसाकडूनच मागून आणावा लागतो. मला तो सापडला होता, मीटिंगच्या कागदांत लिहूनही झाला होता. दारावर लावायला मात्र एका पोरीचा हात मोडावा लागला.