दुपारी चारचा पाहुणा

एका एजन्सीसाठी मी घरी बसून बेचाळीस वेबसाइट सांभाळते. रोज एकेक उघडायची, सगळं जागेवर आहे ना ते बघायचं आणि पुढे जायचं. दवाखाने, मंगल कार्यालयं, मसाल्याचे कारखाने. सगळ्यांच्या दारात मी रोज जाते, पण तिथे मला ओळखणारं कुणी नाही.

त्यातली एक वेबसाइट मिरजेच्या एका वयस्कर कारागिरांची, ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करतात. भेटींच्या नोंदीत तिच्यावर माझ्याशिवाय दिवसाकाठी एकच माणूस दिसायचा, दुपारी चारला, न चुकता. परवा न राहवून मी त्यांना फोन लावला. "काका, हे रोजचं गिऱ्हाईक कोण?"

ते हसले. "अहो, मीच तो. लेकानं परदेशी जायच्या आधी हे करून दिलंय. त्यानं काढलेला माझा फोटो आहे त्यात. चहा पिताना बघतो." मग म्हणाले, "दुसरं कुणी येतं का हो?"

खोटं बोलवेना. "मी येते ना, रोज सकाळी."

"रोज? मग कधी बोलला नाहीत!"

त्या दिवशी सकाळपासून मी कुणाशीच बोलले नव्हते, आदल्या दिवशीही नाही. इतकी दारं फिरताना एखाद्याची कडी वाजवावी, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"आज कुठली पेटी उघडलीय?" मी विचारलं.

"शाळेतली आहे. एक सूर अडकलाय. ऐका." त्यांनी भाता ओढून पट्टी दाबली. फोनवरून नुसती हवा ऐकू आली.

"बघा, येतच नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "परत वाजवा. मी आहे."